पावसाआधी जागेवर पडलेलं सामान: चार महिन्यांच्या ओलीत पत्रा, सळई, ॲल्युमिनियम, चुना, बोर्ड आणि चिऱ्याचं काय होतं?

खाडीकाठ

देवगड तालुक्यात सड्याच्या कडेला घराचं काम चालू आहे, समुद्र सरळ रेषेत सहाशे मीटरवर. जोतं झालंय, चिऱ्याच्या भिंती लिंटलपर्यंत आल्यात. स्लॅब आणि पडवीचं छप्पर आता गणपती झाल्यावरच. मृग तोंडावर आलाय आणि जागेवर हे सगळं पडून आहे: ८, १२ आणि १६ एमएमच्या सळया, शिवाय कॉलममधून वर आलेल्या सळया, गॅल्व्हनाइज्ड पन्हळी पत्र्यांचे दोन गठ्ठे, १२० जीएसएमचे, खिडक्यांचे ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम सेक्शन, दरजा (चिऱ्यांमधल्या फटी) भरायला आणलेल्या कळीच्या (भाजलेल्या, अजून न विरवलेल्या) चुन्याच्या गोण्या, आतल्या पार्टिशनसाठी मॅग्नेशियम बोर्ड, आणि खाणीवरून नुकताच उतरलेला चिरा.

"झाकून ठेवा" हे सगळेच सांगतात. मला जाणून घ्यायचंय ते वेगळं. यातल्या बहुतेक वस्तूंवर धातूच्या ऑक्साइडचा थर आहे, चुना आणि बोर्ड तर मुळात ऑक्साइडच. मग चार महिने ओल लागली की कुणाचा थर टिकतो, कुणाचा बिघडतो आणि का? आणि पाऊस लागायच्या आत नेमकं काय करायचं?

निवळी

चांगला प्रश्न. आधी मूळ मुद्दा, मग एकेक वस्तू घेऊ.

ऑक्साइड पाण्यात राहिलं की तीनपैकी काहीतरी होतं. ते हळूहळू विरघळतं, किंवा पाणी अंगात घेऊन हायड्रॉक्साइड होतं आणि फुगतं, किंवा त्याची स्फटिकरचना बदलून ते दुसऱ्याच रूपात जातं. फुगणं कधी घातक असतं (सळईभोवती), कधी हवंहवंसं (ॲनोडायझिंगची छिद्रं बुजतात). म्हणून "पाणी लागलं की खराब" हा सरसकट नियम इथे चालत नाही. कळीचा चुना चार महिने पाण्याखाली राहिला तर तो सुधारतो. तोच चुना गोणीत चार महिने दमट हवेत राहिला तर वाया जातो.

दुसरी गोष्ट. पाऊस किती पडला यापेक्षा पृष्ठभाग किती तास ओला राहिला हे जास्त महत्त्वाचं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. कोकणात पावसाळाभर आर्द्रता ८५-९० टक्के. म्हणजे खाऱ्या वाऱ्याने जिथे मीठ बसलंय, ती जागा पाऊस उघडला तरी सुकत नाही. उघड्यावरच्या बाजूचं मीठ निदान पावसाने धुऊन जातं, वळचणीखालचं तसंच राहतं. किनाऱ्यावरच्या घरांचे पत्रे वरून चकचकीत आणि पागोळीच्या आतल्या बाजूला कुजलेले दिसतात, त्याचं कारण हेच.

पागोळी

पत्र्यांचं मी सांगते, कारण तुमच्या यादीत सगळ्यात घाईचं काम तेच आहे. गठ्ठा आजच्या आज सोडा.

नव्या जस्ताच्या थरावर आधी झिंक ऑक्साइड बनतं, ओल लागली की त्याचं झिंक हायड्रॉक्साइड होतं. इथपर्यंत थर कच्चा असतो, हाताला पीठ लागतं. पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याचं बेसिक झिंक कार्बोनेट होतं. तो राखाडी, घट्ट, पाण्यात न विरघळणारा थर. गॅल्व्हनाइज्ड पत्रा वर्षानुवर्षं टिकतो तो या थराच्या जोरावर. गठ्ठ्यात दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी केशाकर्षणाने शिरतं, पण हवा शिरत नाही. कार्बोनेट बनतच नाही, हायड्रॉक्साइड बनत राहतं आणि जस्त संपत जातं. यालाच पांढरा गंज म्हणतात. त्याचं आकारमान मूळ जस्तापेक्षा पुष्कळ जास्त, म्हणून थोडंसं जस्त गेलं तरी दिसायला भयंकर दिसतं. उलटही होतं: वरून थोडंच पांढरं दिसतं आणि खाली काळपट डाग असतो, म्हणजे तिथला थर बराच गेलेला.

मालवणीत आमच्याकडे म्हणतात तसं, पत्रे थापी लावन ठेवले की पांढरे पडतत. थापी लावायचीच नाही.

ठेवायची पद्धत: जमिनीपासून फूटभर वर, सुकलेल्या लाकडी पट्ट्यांवर. ओलं किंवा ताजं कापलेलं लाकूड नको, त्यातलं आम्ल जस्ताला खातं. लांबीच्या दिशेने एक टोक उंच, म्हणजे पन्हळीतून पाणी वाहून जाईल. दर दोन-तीन पत्र्यांमागे १०-१२ एमएमची पट्टी घालून फट ठेवा. वर ताडपत्री असू दे, पण दोन्ही टोकं उघडी. ताडपत्री चारी बाजूंनी दाबून बांधली की आत घाम सुटतो आणि भर पावसात उघड्यावर टाकलेल्या पत्र्यापेक्षा वाईट अवस्था होते. कुठे छपराखाली जागा असेल तर पत्रे तिथेच उभे करून ठेवा.

पांढरं आधीच पडलं असेल तर: पातळ पीठ असेल तर नायलॉनच्या ब्रशने गोड्या पाण्यात घासा, सुकवा आणि हवेशीर ठेवा. बाकी राहिलेलं हवेत आपोआप कार्बोनेट होतं. घट्ट बसलेलं असेल तर पातळ व्हिनेगर लावा, मिनिटभराने घासून भरपूर पाण्याने धुवा. तारेचा ब्रश वापरू नका, उरलेलं जस्त निघून येईल. तांबूस ठिपका दिसला म्हणजे लोखंड उघडं पडलंय, तिथे झिंक-रिच पेंट (कोरड्या थरात ९० टक्क्यांहून जास्त जस्त असलेला) लावायचा.

आता न विचारलेलं सांगते. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून एक चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त. ७.१४ ग्रॅमला एक मायक्रॉन या हिशेबाने एका बाजूला जेमतेम ८.४ मायक्रॉन. आयएसओ ९२२३ या प्रमाणात किनाऱ्यालगतच्या तीव्र गटात, म्हणजे सी-५ मध्ये, जस्ताची झीज वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन धरतात. सड्याच्या कडेला, वाऱ्याच्या तोंडावर तुम्ही त्या गटात किंवा त्याच्या जरा खाली असाल. हिशेब तुम्हीच करा. २७५ जीएसएमला एका बाजूला १९ मायक्रॉन मिळतात. दुकानदार बदलून देत असेल तर आत्ताच बदला.

खाडीकाठ

पागोळीताई, धन्यवाद. गठ्ठे सोडून घेतो. २७५ ऐवजी गॅल्व्हल्यूम घेतला तर?

पागोळी

चालेल, किंबहुना बरा. त्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतांश जस्त. एझेड १५० (दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅमचा थर) घेतलात तर एका बाजूला साधारण २० मायक्रॉन. जस्त झिजतं तसं ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचं जाळं मागे राहतं आणि झीज मंदावते. दोन पथ्यं मात्र पाळा. ओल्या सिमेंटला आणि चुन्याला तो लागू देऊ नका, आणि गोठ्यावर घालू नका. गोठ्यातला अमोनिया आणि ओल त्याला सोसत नाही. गठ्ठ्यात पाणी शिरलं तर हाही काळवंडतो, तेव्हा रचायची पद्धत तीच.

माडबन

सळयांची एवढी काळजी कशाला? थोडा गंज चढलेली सळई काँक्रीटमध्ये चांगली पकड धरते. फार वाटलं तर जळकं ऑइल मारून ठेवा.

भरती

माडबन, ऑइल अजिबात नको. सळईवर तेल राहिलं की काँक्रीटची पकड जाते, आणि कड्यांच्या मध्ये गेलेलं तेल नंतर पूर्ण निघत नाही. आयएस ४५६ मध्येही (काँक्रीटच्या कामाचं भारतीय प्रमाण) सळईवर सुटा गंज, तेल, माती, रंग नको असंच आहे.

गंजाने पकड वाढते हे अर्धं खरं. पातळ, घट्ट, फडक्याने न निघणारा तांबूस थर पकडीला बाधक नसतो. पण ते गोड्या हवेतल्या गंजाबद्दल. खारा गंज ही वेगळी वस्तू आहे.

पाऊस लागल्यावर काही तासांत जो नारिंगी थर दिसतो तो बहुतांश लेपिडोक्रोसाइट, गंजाच्या अनेक रूपांपैकी एक. आठवड्यांनी त्यातला बराचसा गोएथाइट होतो, तो तपकिरी आणि जास्त स्थिर. धातूला चिकटून काळा मॅग्नेटाइट. लेपिडोक्रोसाइटची खोड अशी: सळई ओली असताना तो स्वतः इलेक्ट्रॉन घेऊन मॅग्नेटाइटकडे वळतो आणि त्या बदल्यात खालचं लोखंड विरघळतं. म्हणजे हवेतला ऑक्सिजन तिथवर पोचला नाही तरी गंजणं चालू राहतं, कारण गंजच ऑक्सिजनचं काम करतो. पाऊस उघडला, सळई सुकायला लागली की हवा त्या मॅग्नेटाइटला पुन्हा तांबडं करते. परत सर आली की चक्र पुन्हा सुरू. म्हणून ऊन-पाऊस आलटून पालटून होणारा श्रावण सळईला आषाढाच्या संततधारेपेक्षा जास्त खातो. जेट्टीच्या खांबांचंही तेच, कायम बुडालेला भाग बरा असतो आणि भरती-ओहोटीच्या मधला आणि शिंतोड्यांचा पट्टा आधी जातो.

मीठ असेल तर अकागानाइट नावाचा आणखी एक प्रकार तयार होतो. त्याच्या स्फटिकात आरपार बोगदे असतात आणि त्यात क्लोराइड अडकून बसतं. वरून पाणी मारलं तरी ते निघत नाही. समुद्रातून काढलेल्या जुन्या लोखंडी वस्तू कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात महिनोन् महिने भिजवून ठेवतात ते हे क्लोराइड बाहेर काढायलाच. असा गंज स्लॅबच्या आत गेला तर काँक्रीटच्या अल्कलीने सळईवर जो काही नॅनोमीटरचा राखण करणारा थर बनतो, तो तिथे नीट बनत नाही. मग वर्षांनी आतला गंज फुगतो. गोएथाइटचं आकारमान मूळ लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट, जास्त पाणी धरलेल्या गंजाचं सहापटीपर्यंत. कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फुटून स्लॅबचे पोपडे पडतात ते यामुळे.

तर करायचं काय: सळया जमिनीपासून किमान १५ सेंमी वर, लाकडी ओंडक्यांवर, शक्यतो घराच्या आत, समुद्राकडच्या भिंतीच्या आडोशाला. वर ताडपत्री, बाजू मोकळ्या. त्याआधी एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात सुकवा. मे महिनाभर खारं वारं लागलेलं आहे, तेच मीठ आत झाकून ठेवाल तर झाकण्याचा उपयोग नाही.

कॉलमच्या उभ्या सळयांना सिमेंटची स्लरी लावा. वजनाने दोन भाग सिमेंट, एक भाग पाणी, ब्रशने दोन हात, मध्ये एक रात्र. सळई काँक्रीटमधून बाहेर येते तिथे पाणी साचतं, त्या सांध्यावर नीट बसवा. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की एकदा पाहून तडकलेल्या जागी परत लावा. प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका.

माडबन

बरोबर, ऑइलचं मागे घेतो. पण गणपतीनंतर ती सळई वापरायची की टाकायची हे कसं ठरवायचं? डोळ्यांनी कळत नाही.

भरती

वजनाने ठरवा. बरोबर एक मीटरचा तुकडा कापा, तारेच्या ब्रशने लख्ख करा, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. १२ एमएमचं प्रमाण वजन ८८८ ग्रॅम, ८ एमएमचं ३९५, १६ एमएमचं १,५८० ग्रॅम. आयएस १७८६ नुसार एकट्या नमुन्याला ८ एमएममध्ये ८ टक्के, १२ आणि १६ मध्ये ६ टक्के घट चालते. म्हणजे १२ ची सळई ८३५ च्या खाली किंवा ८ ची ३६३ च्या खाली गेली तर ती स्लॅबला नको. सगळ्यात जास्त गंजलेला भाग निवडून तुकडा घ्या, चांगला बघून नव्हे. आज सामान नवं असतानाच एक तुकडा तोलून आकडा लिहून ठेवा. बाजारातली सळई मुळातच हलकी असू शकते, मग दोष पावसाचा की मालाचा हे कळत नाही.

आणि मीठ उरलंय का पाहायचं असेल तर ब्रश केलेली सळई गोड्या पाण्याने ओली करून रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी सगळीकडे सारखी फिकट तांबूस छटा असेल तर ठीक. ठिकठिकाणी काळपट ठिपके किंवा घामासारखे तपकिरी थेंब आले असतील तर खड्ड्यांमध्ये लोखंडाचं क्लोराइड आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम फेरिसायनाइड मिळतं, त्याच्या द्रावणात भिजवलेला टिपकागद ओल्या सळईवर दाबला तर त्या जागी निळे ठिपके उमटतात. तसं दिसलं तर पाण्याचा जोरदार फवारा, ब्रश, सुकवणं, हे दोनतीनदा करून मग पुन्हा पाहा.

खाडीकाठ

रेड ऑक्साइड मारून ठेवला तर? मिस्त्री तेच म्हणतोय.

निवळी

सळईला नाही, रंगाने पकड कमी होते. गेट, ग्रिल, छपराच्या कैच्या यांना जरूर मारा, पण तो काय काम करतो हे लक्षात घेऊन. रेड ऑक्साइडमधलं तांबडं द्रव्य म्हणजे हेमॅटाइट. पाण्याच्या दृष्टीने लोखंडाचं हे सगळ्यात निगरगट्ट रूप: विरघळत नाही, फुगत नाही, भिजवलं म्हणून गोएथाइट होत नाही. कोकणातल्या जुन्या देवळांवर कावेने चितारलेली नक्षी शतकभर पावसाळे सोसून तांबडी राहिली आहे ती याच गुणामुळे, काव म्हणजे हेमॅटाइटच. पण निगरगट्ट असल्यामुळेच ते लोखंडाला रासायनिक मदत काही करत नाही, फक्त आडोसा धरतं. गंज रोखायचं काम प्रायमरमधलं झिंक फॉस्फेट करतं. डब्यावर "रेड ऑक्साइड झिंक फॉस्फेट" लिहिलेलं असेल तोच घ्या. आणि खाऱ्या गंजावर कुठलाही प्रायमर मारला तरी वर्षभरात फोड येतात. आधी धुणं, मग सुकवणं, मग रंग.

चिरेखाण

जांभ्याबद्दल, म्हणजे चिरा ज्या दगडाचा असतो त्याबद्दल कुणी बोललं नाही, आणि या धाग्याच्या विषयाचा सगळ्यात मोठा नमुना तोच आहे. ऑक्साइड आणि पाणी यांचा लाखो वर्षांचा सहवास म्हणजे जांभा. काळ्या कातळावर पाऊस मुरत राहिला, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आधी वाहून गेलं, मग सिलिकाही बरीचशी गेली, आणि मागे राहिलं ते जवळजवळ न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिनियम: गोएथाइट, हेमॅटाइट, गिब्साइट (ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड), सोबत केओलिनची माती. ॲल्युमिनियमचं प्रमाण वाढलं तिथे बॉक्साइट झालं. चार महिन्यांचा पाऊस त्याला काही नवीन नाही.

पण नुकत्याच काढलेल्या चिऱ्याची गोष्ट वेगळी. खाणीत तो ओला असतो, कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ. त्यातलं काही लोखंड अजून नीट स्फटिक न झालेल्या, पाणी धरलेल्या रूपात असतं. हवेवर तो सुकला की ते पाणी जातं, गोएथाइट-हेमॅटाइटचे स्फटिक एकमेकांत गुंतून बसतात, आणि हे पक्कं झालेलं बांधकाम पुन्हा भिजवलं तरी सुटत नाही. म्हणून चिरा काढल्यावर दोन-तीन महिने मुरू द्यायचा आणि मग लावायचा. तुमचा माल मेमध्ये उतरला, लगेच पावसात भिजला, तर मुरणं अर्धवट राहतं. आत मातीची पोकळी असेल तर पागोळीच्या धारेखाली ती माती धुपून भोकं पडतात.

तेव्हा चिरा पागोळीपासून लांब, एकमेकांत बोटभर फट ठेवून रचा, वरून झावळ्या किंवा पत्रा. जमिनीला लागलेला पहिला थर वाया जाणार असं धरून तिथे तुटके चिरे घाला.

निवडीसाठी: पूर्ण सुकलेला चिरा तोला, २४ तास पाण्यात बुडवून, वरचं पाणी पुसून पुन्हा तोला. आयएस ३६२० नुसार १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिणारा नको. वीस किलोचा चिरा असेल तर २.४ किलोपर्यंत ठीक. पिवळ्या-पांढऱ्या मातीचे मोठे डाग असलेला, ठोकल्यावर बद्द वाजणारा चिरा बाहेरच्या भिंतीला लावू नका, आतल्या बाजूला चालेल.

समुद्राकडच्या भिंतीला सिमेंटचा जाड गिलावा करायचा विचार असेल तर थांबा. जांभा पाणी पितो आणि सोडतो. गिलाव्याने सोडायची वाट बंद झाली की मीठ गिलाव्याच्या मागे स्फटिक होतं आणि चिऱ्याचा पृष्ठभाग पिठासारखा सुटतो. चुन्याच्या दरजा उत्तम, त्यातून ओल निघून जाते.

खाडीकाठ

म्हणूनच चुना आणलाय. गोण्या बंद खोलीत ठेवल्या तर टिकतील ना?

निवळी

नाही. कळीचा चुना पावसाळ्यात गोणीत ठेवायचाच नाही. दमट हवेतून तो पाणी ओढून विरतो, आकाराने जवळजवळ दुप्पट होऊन गोणी फोडतो आणि तापतो. शेजारी पेंढा, झावळ्या, लाकूड असेल आणि वरून गळती झाली तर आग लागू शकते. विरलेला भाग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, मग त्यात बांधायची शक्ती उरत नाही.

आत्ताच विरवून टाका. हिशेबाने ५६ किलो चुन्याला १८ किलो पाणी पुरतं, पण विरताना दर किलोला ११०० किलोज्यूलच्या वर उष्णता सुटते आणि त्यात बरंच पाणी वाफ होऊन जातं. शिवाय आपल्याला लोणी, म्हणजे चुन्याचा मऊ लगदा हवाय, भुकटी नको. म्हणून चुन्याच्या अडीच ते तीन पट वजनाचं पाणी घ्या. टाकीत किंवा लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात चुना घमेल्याघमेल्याने. चुन्यावर पाणी ओतायचं नाही, एकदम उसळी येते आणि डोळे जातात. चष्मा, हातमोजे, बूट हवेतच. ॲल्युमिनियमचं भांडं किंवा प्लास्टिकची पातळ बादली वापरू नका. काठीने घोटत राहा, तीन तास तरी. मग ३ एमएमच्या चाळणीतून गाळून खड्ड्यात सोडा. चाळणीवर उरलेले खडे म्हणजे जास्त भाजलेला चुना, तो आठवड्यांनी विरतो. असा खडा दरजेत गेला तर नंतर फुगून वरचा भाग उडवतो, तेव्हा फेकून द्या.

खड्ड्यातल्या लोण्यावर कायम दोन इंच पाणी ठेवा, म्हणजे हवा लागणार नाही. चार महिन्यांत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे जाड स्फटिक बारीक आणि चपटे होत जातात, लोणी जास्त पाणी धरतं, करणीवर लुसलुशीत येतं. खड्ड्यावर छप्पर घाला आणि पोरं-गुरं जाऊ नयेत असं कुंपण करा.

एक तपासा: चुना कशाचा आहे? शिंपल्यांचा असेल तर मॅग्नेशियम कमी, काळजी नाही. डोलोमाइटी दगडाचा असेल तर त्यातलं मॅग्नेशियम ऑक्साइड अतिशय सावकाश विरतं आणि विरताना सव्वादोन पट होतं. भिंतीत जाऊन विरलं तर दरजा फुटतात. अशा चुन्याला चार महिन्यांचं पाणी हवंच.

वळचण

मॅग्नेशियमचा विषय निघालाय तर ते बोर्ड परत करता येत असतील तर करा. मॅग्नेशियम बोर्ड म्हणून विकले जाणारे पुष्कळसे मॅग्नेशियम ऑक्सिक्लोराइडचे असतात: मॅग्नेशियम ऑक्साइड अधिक मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी. कोरड्या हवेत कडक, आगीला चांगले. पण दीर्घकाळ ओल लागली की बांधणी सुटते, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मागे राहतं आणि क्लोराइड मोकळं होतं. ते हवेतून पाणी ओढतं आणि बोर्डाच्या पृष्ठभागावर खारट थेंब जमतात. डेन्मार्कमध्ये २०१० नंतर बाहेरच्या भिंतींना हे बोर्ड मोठ्या प्रमाणावर लावले गेले होते. ते असे पाझरायला लागले, स्क्रू गंजले, लाकूड भिजलं, आणि पुष्कळ इमारतींवरून काढावे लागले. आपली पावसाळी हवाही काही कमी दमट नाही.

तपासणी सोपी आहे. बोर्डाचा तळहाताएवढा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये दिवसभर बुडवा. त्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे दोन थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. ताकासारखा पांढरा साका आला तर क्लोराइडचा बोर्ड. नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर तेच करून तुलना करा. विहिरीचं पाणी नको, त्यात मुळात क्लोराइड असतं. सल्फेटवाले बोर्ड मिळतात, पार्टिशनला ते किंवा साधा सिमेंट बोर्ड घ्या.

ॲल्युमिनियमचं: सेक्शन प्लास्टिकच्या वेष्टनात असतील तर ते आज काढा, आत घाम धरतो आणि पांढरे पिठूळ डाग पडतात. ॲनोडायझिंग हा मुद्दाम वाढवलेला ऑक्साइडचा थर, सूक्ष्म छिद्रांचा. शेवटी तो शुद्ध, जवळजवळ उकळत्या पाण्यात (९६ अंशांच्या वर) दर मायक्रॉनला दोन-तीन मिनिटं बुडवतात. ऑक्साइड पाणी घेऊन बोहमाइट होतं, फुगतं, छिद्रं बंद होतात. हे सीलिंग नीट झालं असेल तर ओल काही करत नाही. ढोबळ चाचणी: आत जाणाऱ्या बाजूला मार्कर पेनची रेघ मारा, पाच मिनिटांनी स्पिरिटने पुसा. डाग राहिला तर छिद्रं उघडी. किनाऱ्यावर थर २० ते २५ मायक्रॉन मागून घ्या.

सगळ्यात मोठा धोका तुमच्या खड्ड्यातल्या चुन्याचा. ॲल्युमिनियमचं ऑक्साइड पीएच ४ ते ८.५ मध्ये टिकतं. चुन्याची निवळी (लोण्यावरचं स्वच्छ पाणी) १२.४ च्या आसपास. शिंतोडा पडला आणि सुकला की कायमचा पांढरा चट्टा, घासून जात नाही. लगेच भरपूर पाण्याने धुतला तरच वाचतो. दरजा पूर्ण सुकल्यावरच खिडक्या बसवा, सेक्शन आणि चिरा यांच्यामध्ये पीव्हीसीची पट्टी घाला, स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार. बोर्ड उद्याच परत पाठवतो, चुना रविवारी विरवतो. एकच शेवटचं: धुवायला सांगताय ते विहिरीचं पाणी बादलीत काढलं की स्वच्छ, पण सकाळपर्यंत तांबूस होतं आणि तळाशी गाळ बसतो. हे पाणी चालेल? फरशीवरही डाग पडलेत.

भरती

चालेल, लोखंड हे क्लोराइडइतकं घातक नाही. क्लोराइड मात्र तपासून घ्या, सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, धुवायलाही त्याच्या आतलंच हवं. मे अखेरीस खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा आत्ताचाच नमुना द्या.

जांभ्यातून येणारं पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी असतं आणि त्यात लोखंड फेरस रूपात विरघळलेलं असतं. हवा लागली की त्याचा फेरीहायड्राइट (लोखंडाचं पाणी धरलेलं, न विरघळणारं फेरिक ऑक्साइड) होतो, तोच तुमचा गाळ. पीएच एका अंकाने वाढला तर हे होण्याचा वेग शंभरपट होतो. म्हणून टाकीत पाणी तीन-चार फुटांवरून शॉवरसारखं पाडा आणि वाटेत चुनखडीचे खडे ठेवा. तासाभराचा निवांतपणा आणि खाली वाळूचा दोन फुटांचा थर पुरतो. वाळू आठवड्याला उलट्या पाण्याने धुवायची.

पागोळी

फरशीच्या डागांना ब्लीचिंग पावडर लावू नका, लोखंड आणखी पक्कं बसतं. ताजा डाग म्हणजे फेरीहायड्राइट, त्याचे कण अतिसूक्ष्म, लिंबाच्या रसानेही सुटतो. महिने गेले की तो गोएथाइट होतो आणि सहज विरघळत नाही. त्याला लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, पंधरा मिनिटं ओलं ठेवून घासा, भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, विषारी असतं. संगमरवर किंवा कोटा असेल तर आम्ल लावायचं नाही, ग्रॅनाइट आणि टाइल्सना चालतं. तुमची फरशी कुठली आहे?

खाडीकाठ

कोटा.

पागोळी

मग आम्लाऐवजी सोडियम डायथायोनाइट आणि सोडियम सायट्रेट घ्या. रंगाऱ्यांच्या दुकानात पहिलं हायड्रोस या नावाने मिळतं. अर्ध्या लिटर पाण्यात प्रत्येकी २५ ग्रॅम, त्यात कापूस किंवा चिकणमाती कालवून डागावर थापा, वर प्लास्टिक, अर्धा तास. हे फेरिकचं फेरस करून त्याला विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवतं, कोट्याला खात नाही. खिडक्या उघड्या ठेवा, गंधकाचा उग्र वास येतो. हायड्रोसचा डबा मात्र ओलीपासून जपा, कोरड्या भुकटीवर थोडं पाणी पडलं तरी ती तापून पेट घेते.